दीड किलोच्या आत

४ मार्च, मंगळवार

ही वही वहिनीच्या दवाखान्यातली. ती दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर असते, तिथे औषधकंपन्या असल्या वह्या फुकट वाटतात. प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसरी दाढ आहे. तिच्याकडे काणाडोळा करून लिहायचं.

लिहायचं कारण म्हणजे मला नोकरी लागली आहे, निदान लागल्यात जमा आहे. वय शेहेचाळीस, त्यातली शेवटची अकरा वर्षं घरात, आईच्या खाटेपाशी. आईला जाऊन आठ महिने झाले. अजूनही सकाळी सहाला दचकून उठते आणि कुठलं औषध द्यायचं राहिलं ते आठवत बसते.

काम असं. आर्किटेक्चरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, तिला अजिबात ऐकू येत नाही. वर्गात जे जे बोललं जाईल ते मी तिच्या शेजारी बसून जसंच्या तसं टाइप करायचं, तिने ते स्क्रीनवर वाचायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. ही जाहिरात वहिनीनेच आणली, कॉलेजचा हेडक्लार्क तिच्याकडे दाढ भरायला येतो. काल परीक्षा झाली. मिनिटाला बासष्ट शब्द, चुका चार. पूर्वी वकिलांच्या ऑफिसात होते तेव्हा सत्तर व्हायचे, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

हेडक्लार्क म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे. लॅपटॉप मात्र तुमचा तुम्ही आणायचा. हलका बघा. साइटवर उभ्याने टाइप करावं लागेल."

घरी आहे तो डेस्कटॉप, फ्रिज आणि बाथरूमचं दार यांच्यामधल्या बोळात. तो काही गळ्यात अडकवून नेता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही. सतरा लॅपटॉप बघून झाले, सगळे स्क्रीनवरच. एक आवडला की त्याच्याखाली कुणीतरी लिहिलेलं असतं, बिजागरी सहा महिन्यांत तुटली. दुसरा आवडला की बॅटरी फुगली. लोक चांगल्या गोष्टींबद्दल लिहीतच नाहीत का?

मला काय हवं ते कागदावर मांडलं. वजन दीड किलोच्या आत. बॅटरी सहा तास. उन्हात वाचता येईल असा पडदा. कीबोर्डचा आवाज नको, नाहीतर अख्खा वर्ग मागे वळून बघेल. आणि परवडला पाहिजे. या पाच गोष्टी एकत्र म्हटल्या की दुकानदार हसतात. फोनवरसुद्धा त्यांचं हसू ऐकू येतं.

दादाला कागद दाखवला. त्याने तो हातात धरला, जरा लांब नेला, आणि परत दिला. म्हणाला, "वाचून दाखव ना, चष्मा दुकानात राहिला." दादाचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. त्याची पत्रं, कोटेशनं, मेल, सगळं मीच करते. हल्ली तर तो फोनवरचे साधे मेसेजही माझ्या हातात देतो. आळशी झालाय.

वाचून दाखवल्यावर म्हणाला, "घाई कशाला करतेस? माझा जुना लॅपटॉप पडून आहे की. आणि दुकानाचं काम घरबसल्या आहेच तुला. तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही."

बरं वाटलं. आई गेल्यापासून असं कुणी म्हणालं नव्हतं.

९ मार्च, रविवार

तिघं दुकानात गेलो. मोठं दुकान, एका रांगेत तीसेक लॅपटॉप उघडे, सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. काउंटरवरच्या बाईने माझी यादी ऐकून घेतली, हसली नाही. तीन लॅपटॉप पुढे केले.

पहिला दादाने बघितला आणि म्हणाला, "याचा पडदा मळका आहे." दुसऱ्याची अक्षरं त्याला पुसट वाटली. तिसरा तर धुक्यात ठेवल्यासारखा दिसतो म्हणाला. मी परत परत बघितलं. मला बरे दिसत होते, पण मला काय कळतं? अकरा वर्षं मी थर्मामीटर सोडून दुसरं काही नीट बघितलेलं नाही. दादा रोज मशीनरीत असतो.

वहिनीने तिसरा उचलला, डाव्या हातावर धरला आणि घड्याळ लावून उभी राहिली. लोक बघत होते. पाच मिनिटं झाल्यावर म्हणाली, "हात भरून येत नाही. घे हा. आत्ता घे."

"पडदा चांगला नाही म्हणतोय दादा."

"पडद्याला काहीही झालेलं नाही. तुला मंगळवारी जायचंय."

दादा म्हणाला, "थांब. महिनाअखेर नवीन माल येतो."

थांबायचं ठरलं. निघताना दादाच्या पायात एक स्टूल आलं, त्यावरची माहितीपत्रकं सगळीकडे उधळली. वहिनीने ती गोळा केली. परतताना रिक्षातून बाहेर बघत होती. तिची ही घाई मला खुपते आहे. आईची खोली आता माझी आहे. घर छोटं आहे. मी दिवसभर बाहेर राहिले तर कुणाला बरं वाटेल, हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नाही.

११ मार्च, मंगळवार

पहिला दिवस. दादाचा जुना लॅपटॉप नेला. पावणेतीन किलो, चार्जर वेगळा. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठलाय.

मुलगी तेवीस वर्षांची, केस अगदी बारीक कापलेले, कानामागे कायम एक पेन्सिल. वहिनीने तिचं नाव आधीच आर्किटेक्टीण ठेवलंय. तिने माझ्याशी हात मिळवला आणि बॅगेकडे बघून भुवया उंचावल्या.

बॅटरी चाळीस मिनिटं टिकते, त्यामुळे भिंतीतल्या प्लगशेजारी बसावं लागलं, म्हणजे शेवटच्या बाकावर. आर्किटेक्टीण एरवी पहिल्या बाकावर बसते, सरांचे ओठ दिसावेत म्हणून. ते मला नंतर कळलं, मधल्या सुट्टीत. ती काही बोलली नव्हती, फक्त मान वाकडी करकरून पुढे बघत होती.

बांधकामाचे सर भराभर बोलतात आणि वाक्य कधीच पूर्ण करत नाहीत. तीन तासांनी माझी बोटं थरथरत होती. पण घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, तीन तासांत मला आईची एकदाही आठवण आली नाही. मग दोन स्टॉप वाईट वाटत राहिलं.

१३ मार्च, गुरुवार

आज खटका उडाला.

सर सांगत होते, "माझ्या पहिल्या इमारतीत मी एक जिना काढला, तो थेट भिंतीत जाऊन संपत होता. मालक सज्जन माणूस, त्याने तिथे फुलदाणी ठेवली." वर्ग हसला. मी ते टाइप केलं नाही, पुढे परीक्षेला येणारं काही असेल म्हणून बोटांना विसावा दिला. आर्किटेक्टिणीने मान वर केली, सगळ्यांचे हसरे चेहरे बघितले, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून लिहिलं, "काय झालं?"

मी लिहिलं, "काही विशेष नाही."

तिने लिहिलं, "विशेष आहे की नाही ते मी ठरवते. तुम्ही नाही."

माझे कान तापले. तरी जिन्याची गोष्ट सगळी टाइप केली, फुलदाणीसकट. ती हसली, मोठ्याने, सर कॉंक्रिटच्या मिश्रणाबद्दल सांगत असताना. सगळा वर्ग मागे वळला. तिला त्याचं काही नव्हतं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येईपर्यंत तिच्यावर राग होता. माणसाला उगाच त्रास नको म्हणून आपण काही गोष्टी गाळतो, यात वाईट काय? आईला चार वर्षं बोलता येत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले त्यातलं तिला झेपेल तेवढंच मी सांगायचे. ती माझ्याकडे टक लावून बघत राहायची. समाधानाने बघायची, असं मला वाटतं.

१५ मार्च, शनिवार

नीट क्रमाने लिहिते.

चार मजली इमारतीचं काम चालू आहे, तिथे वर्ग होता. आर्किटेक्टिणीने माझ्यासाठी फळीला दोन पट्टे ठोकून एक तबक केलं होतं, गळ्यात अडकवायचं, त्यावर लॅपटॉप. मनापासून केलं होतं. पण पावणेतीन किलो गळ्यात घेऊन तीन जिने चढल्यावर माझी मान मोडायची बाकी होती. उन्हात पडदा काळा ठिक्कर. तिने वहीचा आडोसा धरला तेव्हा कुठे अक्षरं दिसायला लागली.

तिसऱ्या मजल्यावर साइटचा मुकादम पुढे आला. म्हणाला, "लिफ्टच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्यात..." एवढं मी टाइप केलं आणि लॅपटॉप बंद पडला. मुकादम पुढे बोलतच होता, "...पण त्या नुसत्या ठेवल्यात, खिळे मारलेले नाहीत. कुणी पाय देऊ नका."

ती पडद्यावरचं अर्धं वाक्य वाचून फळ्यांकडे निघाली होती. तिला वाटलं, खड्डा झाकलाय. मी ओरडले. मी कुणावर ओरडले? तबक फेकून दिलं आणि तिचा दंड धरून मागे ओढलं. दोघी वाळूच्या ढिगावर पडलो.

ती पांढरीफटक झाली होती. मुकादमाने फळीला पायाने ढकलून दाखवलं, ती सरकली. मग तिला समजलं. पण थोड्या वेळाने तिने स्केचवहीत लिहून मला दाखवलं, "पुढच्या वेळी समोर येऊन हात आडवा करा. ओढू नका." आणि त्याखाली, जरा विचार करून, "धन्यवाद."

हेडक्लार्क खाली जीपपाशी भेटला. नम्रपणे बोलला, पण म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत नीट मशीन आणा. नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दादाचा लॅपटॉप कोपऱ्यात चेपलाय. त्याला सांगितलं. त्याने त्यावरून हात फिरवला, चेपलेली जागा बोटांनी शोधली, म्हणाला, "असू दे. तुला लागलं नाही ना?"

१६ मार्च, रविवार

वहिनीशी भांडले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

ती सकाळीच चप्पल घालून तयार. "चल, आज लॅपटॉप घेतल्याशिवाय परत यायचं नाही." दादा पेपर समोर धरून बसला होता, म्हणाला, "नवीन माल येऊ दे ना." मी मध्येच उभी. आणि तोंडातून निघून गेलं, "तुला मी नकोशी झाले असेन तर सरळ सांग वहिनी. खोली मोकळी करून देते."

तिने चप्पल काढली. शांतपणे म्हणाली, "मला तू नकोशी झाली असतीस तर मी गप्प बसले असते. पंपांची कोटेशनं टाइप करत तू आणखी वीस वर्षं त्या बोळात बसली असतीस. मला चहाही आयता मिळाला असता." आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

मला याचा अर्थ नीटसा लागला नाही. नकोशी झाले असते तर तिने मला घरात कशाला ठेवलं असतं? उलटच बोलते ती. दिवसभर घरात तिघं तीन दिशांना. मी बत्तीस लॅपटॉप बघितले.

१९ मार्च, बुधवार

आज काय झालं ते अजून मनात बसलेलं नाही.

दुसऱ्या दुकानात गेलो, मी आणि दादाच. छोटं दुकान, वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकणारं. काउंटरमागे एक पोक्त बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात स्क्रूड्रायव्हर. तिने दोन लॅपटॉप दादाच्या दोन बाजूंना उघडून ठेवले. दोन्हींवर एकच पान, मोठ्या ठळक अक्षरांत.

दादा उजवीकडच्यावर वाकला. नाक टेकेल इतका. "हा जरा अंधुकच आहे." मग मान न वळवताच डावीकडे हात केला, म्हणाला, "आणि हा चालू करा ना, बंद का ठेवलाय?"

तो चालू होता. त्याचा उजेड दादाच्या शर्टाच्या बाहीवर पडला होता.

दुकानदार बाईने माझ्याकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी म्हणाले, "दादा, डावीकडे काय आहे?" तो हसला, "लॅपटॉप आहे, दुसरं काय." मी म्हणाले, "त्यावर काय लिहिलंय?" त्याने मान फिरवली, जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली, जसं कोंबडी दाणा शोधते तसं. मग हात पुढे नेऊन पडद्याला बोट लावलं.

रस्त्यावर आलो. सिग्नलला त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कळलं, हा हात गेलं वर्षभर रस्ता ओलांडताना माझ्या खांद्यावर असतोच. मला वाटायचं, माया करतोय.

"केव्हापासून?"

"आई होती तेव्हाच सुरू झालं. कडेचं दिसेनासं झालं आधी. तू आईत होतीस, म्हटलं आणखी एक कशाला."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"त्याने आंधळा होणार असं सांगितलं असतं तर?" मग म्हणाला, "तिला सांगू नकोस. ती घाबरेल."

लॅपटॉप घेतला नाही. माझ्या हातात पिशवी नव्हती आणि तरी खांदा दुखत होता.

२० मार्च, गुरुवार

कॉलेजात आज सतरा चुका केल्या. आर्किटेक्टिणीने एकदाच माझ्याकडे बघितलं.

सबंध तासभर डोक्यात एकच. मी गेले तर त्याला पत्रं कोण वाचून दाखवणार? आणि थांबले तर? आईच्या वेळी असा प्रश्नच पडला नव्हता. तेव्हा जसं काही कुणी विचारलंच नव्हतं आणि मी हो म्हटलं होतं.

संध्याकाळी वहिनी दवाखान्यातून आली तेव्हा मी बोळातच बसले होते. दादाने सांगू नको म्हटलं होतं. तरी सगळं सांगितलं, बंद लॅपटॉपपासून खांद्यावरच्या हातापर्यंत. काही गाळलं नाही.

ती प्रिंटरच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तरी तो बघायचा नाही. मी बोलताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचा. मला वाटलं, मन उडालं त्याचं. दोन वर्षं असं वाटत होतं मला."

मी तिला पाणी दिलं. फ्रिज हाताशीच होता.

मग तिने डोळे पुसले, फोन काढला आणि तिच्या डॉक्टरांकडून डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. रिसेप्शनवरचा आवाज लावून.

२१ मार्च, शुक्रवार

मोतीबिंदू आहे, पण खरी भानगड काचबिंदूची. डोळ्यातला दाब वाढून आतली शीर वाळत जाते. डावा डोळा बराच गेलाय. उजवा वाचवता येईल, त्याचं लवकर ऑपरेशन करायचं. डाव्यातलं जे गेलं ते परत येणार नाही.

दादाच्या डोळ्यांत थेंब घालून त्याला बाहेर बसवलं होतं, तेव्हा डॉक्टर हे आम्हा दोघींना म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणाल्या?" माझ्या तोंडावर आलं होतं, ऑपरेशन केलं की होईल बरं. ते वाक्य तयार होतं, अकरा वर्षांच्या सवयीचं. वहिनी माझ्याकडे बघत होती.

सगळं सांगितलं. शीर, डावा, उजवा. परत येणार नाही, हेही.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं याहून वाईट असेल."

मी म्हणाले, "मी नोकरीला नाही सांगते. दुकानाचं आणि तुझं..."

"तू गप्प बस जरा," वहिनी मला म्हणाली, आणि त्याला, "आता तुम्ही बोला. ही बोलत राहिली तर पुन्हा घरात बसेल."

दादा म्हणाला, "पडदे मला खरंच अंधुक दिसत होते, त्यात खोटं नाही. पण थांब, थांब म्हणत होतो ते मुद्दाम. तू गेलीस तर दुकानात माझं बिंग फुटलं असतं." आणि मग, "उद्या जा. तुझा तू निवड. मला सोबत नेऊ नकोस."

मला रडू आलं नाही, राग आला. इतका की हॉस्पिटलच्या जिन्यावरून मी त्यांच्या पुढे निघून गेले, आणि मग आठवलं, त्याला पायऱ्या दिसत नसतील. मागे वळले. वहिनीने त्याचा हात धरला होता.

२२ मार्च, शनिवार

दहाला दुकान उघडलं, मी पावणेदहालाच दारात.

चष्मेवाल्या दुकानदार बाईने विचारलं, "भाऊ कसे आहेत?" सांगितलं. ती मान हलवून कामाला लागली. दोन लॅपटॉप उरले होते. एक नवाकोरा, सडपातळ, सव्वा किलोच्याही आत, पण पडदा आरशासारखा चकाकता, उन्हात माझंच तोंड दिसणार. दुसरा वापरलेला, तीन वर्षांचा, झाकणावर लांबच लांब ओरखडा. एक किलो तीनशे दहा ग्रॅम. पडदा मंद, न चमकणारा. बाईने नवीन बॅटरी घातली होती. मी तो दुकानाबाहेर उन्हात नेला, भिंतीला टेकून उभी राहिले आणि समोरून जाणारे लोक जे बोलत होते ते टाइप करून बघितलं. अक्षरं दिसत होती. बोटांचा आवाज मलाच येत नव्हता.

बाई दारात येऊन बघत होती. म्हणाली, "ओरखड्याचं वाईट वाटणार नसेल तर हाच."

घेतला. अठरा दिवस, बत्तीस लॅपटॉप, आणि निवडायला वीस मिनिटं.

साइटवर तबकावर ठेवला तेव्हा आर्किटेक्टिणीने तो एका हाताने उचलून बघितला, पुन्हा ठेवला, आणि अंगठा वर केला. आज मुकादमाच्या शिव्याही टाइप केल्या. तिने त्यातल्या दोन वहीत उतरवून घेतल्या.

२७ मार्च, गुरुवार

दुकानाची पत्रं मी सोमवार-बुधवार सकाळी करते, दुकानातच बसून. बाकी दिवस दादाचा फोन त्याला मेसेज वाचून दाखवतो. फोनमधल्या बाईचे उच्चार वाईट आहेत. तो तिच्याशी वाद घालतो. काल गिऱ्हाइकांनाच सांगून टाकलं म्हणे, "मला नीट दिसत नाही, नंबर मोठ्याने बोला." बिंग त्यानेच फोडलं. कुणी दुकान सोडून गेलं नाही.

माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही. येतो, जातो. त्याला चहा देताना कप हातात नीट धरवते आणि मनात म्हणते, दोन वर्षं. मग स्वतःलाही म्हणते, दोन वर्षं तुला दिसलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मी रजा घेणार होते. वहिनी म्हणाली, "बाहेरच्या बाकावर दोघींनी बसून काय होणार आहे? तू जा. झालं की फोन करते."

गेले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी ड्रॉइंग हॉलमध्ये सगळे आपापल्या टेबलावर वाकलेले. सर फिरत होते, बोलत नव्हते. पेन्सिलींची खरखर तेवढी. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. बोलणंच नाही तर टाइप काय करणार. पाय हलत होता माझा, टेबल थरथरलं. आर्किटेक्टिणीने रेघ ओढायची थांबवली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

मी टाइप केलं, "कोणी काही बोलत नाहीये."

तिने कीबोर्ड ओढला. "मग तुम्ही बोला."

मग टाइप केलं. भावाचं ऑपरेशन आहे. एक डोळा गेलेला आहे, दुसरा राहतो की नाही ते आज कळेल. मी तिथे नाही. मला तिथे असायला हवं होतं की नको, तेही कळत नाही. बासष्टच्या वेगाने निघालं ते, चुका मोजल्या नाहीत.

तिने सगळं वाचलं. विचारलं, "कधी कळेल?"

"चारच्या सुमारास."

तिने माझा फोन माझ्या पिशवीतून काढून आपल्या ड्रॉइंगवर, ताज्या शिशाच्या रेघांवर, उताणा ठेवला आणि पुन्हा काम करायला लागली. आवाज बंदच होता त्याचा. चार वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला. तिला आधी दिसलं. तिने माझ्या हातावर टिचकी मारली आणि दाराकडे मान केली.

मी बाहेर व्हरांड्यात गेले. वहिनी म्हणाली, "नीट झालं. डॉक्टर म्हणाल्या, दाब उतरलाय. बघ, ह्यांनाच बोलायचंय."

दादाचा आवाज जड होता. "उजव्यावर पट्टी आहे. उद्या काढणार. आत्ता काहीच दिसत नाही." मग म्हणाला, "तू कुठे आहेस?"

"कॉलेजात."

"तिथे काय आहे?"

मला वाटलं, तो उगाच विचारतोय. पण तो थांबून राहिला. त्याने माझ्या कामाबद्दल आजवर एक अक्षर विचारलं नव्हतं.

मी दारातून आत बघितलं. सांगायला लागले. लांब हॉल आहे, चौदा टेबलं, खिडक्या पश्चिमेला. ऊन अर्ध्या हॉलपर्यंत आलंय. सर एका मुलाच्या कागदावर वाकलेत, त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर खडूचा पंजा उठलाय, त्यांना माहीत नाही. तिसऱ्या टेबलावरची मुलगी झोपलीय. माझी मुलगी एक जिना काढतेय.

"कसा?" दादा म्हणाला.

"थांब, जवळ जाऊन बघते," मी म्हणाले, आणि फोन कानाला लावून आत गेले.